सूर्यदेवाची गुरे : एका ग्रीक कवितेतील महासंख्येचा वाचनेतिहास

वोल्फेनब्युटेल येथील ड्यूकच्या ग्रंथालयात जतन केलेल्या हस्तलिखितांतील निवडक साहित्याचा दुसरा भाग गोट्होल्ड एफ्राइम लेसिंग यांनी १७७३ साली प्रसिद्ध केला. 'लाओकून' (१७६६) लिहून काव्य आणि चित्र यांच्या सीमारेषा आखू पाहणारा हा समीक्षक १७७० पासून त्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल होता. या भागात त्यांनी छापलेल्या साहित्यात एक ४४ ओळींची, म्हणजे २२ द्विपदींची ग्रीक कविता होती. आर्किमिडीजने हे कूट पद्यात रचले आणि एराटोस्थेनिसला लिहिलेल्या पत्रातून अलेक्झांड्रियातील गणितींकडे पाठवले, असे तिच्या माथ्यावरील टिपणात म्हटले होते. लेसिंग यांना स्वतःला या कर्तृत्वाविषयी शंका होती, आणि ती आजही पूर्णपणे मिटलेली नाही.

या कवितेचा परिचय बहुधा गणिताच्या इतिहासग्रंथांतूनच होतो. साहित्याच्या अभ्यासात तिला क्वचितच तळटिपेपलीकडे स्थान मिळाले. हे दुर्लक्ष समर्थनीय नाही. तिच्या उत्तराची संख्या २,०६,५४५ अंकी आहे, एवढ्यानेच ती कुतूहलाचा विषय ठरते हे खरे. परंतु तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब वेगळी आहे. ही संख्या १३ अंकी की दोन लाखांहून अधिक अंकी, याचा निर्णय कवितेतील एका शब्दप्रयोगाच्या अर्थावर अवलंबून आहे. पाठचिकित्सा आणि संख्याशास्त्र यांचा इतका निकट संबंध दाखवणारी दुसरी संहिता सहजासहजी आढळणार नाही.

कवितेची भूमी होमरची आहे. 'ओडिसी'च्या बाराव्या सर्गात थ्रिनाकिआ बेटावर चरणारी सूर्यदेव हेलिओसची गुरे येतात. गुरांचे सात आणि मेंढ्यांचे सात असे कळप, प्रत्येक कळपात ५०. ही जनावरे वीत नाहीत आणि मरतही नाहीत. म्हणजे होमरच्या गुरांची संख्या ३५० आहे आणि ती सदैव स्थिर आहे. प्राचीन टीकाकारांनी या ३५० मध्ये चांद्रवर्षाचे दिवस आणि रात्री पाहिल्या. कूटकवितेचा कर्ता सिसिलीच्या कुरणांवरची तीच गुरे घेतो, परंतु होमरने सांगून टाकलेली संख्या तो विचारतो. श्रोता शहाणपणात वाटेकरी असेल तर त्याने ही गणती करावी, असे आवाहन आरंभीच आहे. महाकाव्यातील एका निश्चित विधानाचे प्रश्नात रूपांतर करणे, ही या कवितेची पहिली वाङ्मयीन कृती होय. जो वाचक ३५० हा आकडा मनात धरून ती वाचू लागतो, त्याला पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना येणे शक्य नाही.

कळप चार रंगांचे आहेत: पांढरे, काळे, कबरे आणि पिवळे. प्रत्येक रंगात वळू आणि गायी असे दोन वर्ग असल्याने अज्ञात राशी आठ होतात. पांढरे वळू म्हणजे काळ्या वळूंचा अर्धा आणि तिसरा हिस्सा, अधिक सर्व पिवळे वळू. काळे वळू म्हणजे कबऱ्या वळूंचा चौथा आणि पाचवा हिस्सा, अधिक पुन्हा तेच पिवळे. कबरे वळू म्हणजे पांढऱ्या वळूंचा सहावा आणि सातवा हिस्सा, अधिक पिवळे. अर्ध्यापासून सातव्या हिश्शापर्यंत अपूर्णांक क्रमाने येतात आणि रंगांचे वर्तुळ पूर्ण होते. गायींच्या बाबतीत असेच दुसरे वर्तुळ आहे. पांढऱ्या गायी काळ्या कळपाच्या तिसऱ्या व चौथ्या हिश्शाइतक्या, काळ्या गायी कबऱ्या कळपाच्या चौथ्या व पाचव्या, कबऱ्या गायी पिवळ्या कळपाच्या पाचव्या व सहाव्या, आणि पिवळ्या गायी पांढऱ्या कळपाच्या सहाव्या व सातव्या हिश्शाइतक्या. हा क्रम उघडच पद्यरचनेला सोयीचा आहे. एक ओळ लक्षात राहिली की पुढची आपोआप सुचते. स्मरणसुलभतेसाठी निवडलेल्या या नियमिततेचे परिणाम मात्र फार दूरवर पोहोचतात.

गायींच्या वर्तुळातील चार अपूर्णांकांच्या बेरजा अनुक्रमे ७/१२, ९/२०, ११/३० आणि १३/४२ होतात. त्यांचा गुणाकार संक्षिप्त रूपात १४३/४८०० येतो, आणि ४८०० मधून १४३ वजा केले की ४६५७ उरतात. ही मूळ संख्या आहे. कवितेत ती कोठेही उच्चारलेली नाही, पण चारही रंगांच्या वळूंच्या संख्येला तिने भाग जाणे अपरिहार्य ठरते. तिचे महत्त्व पुढे कळेल.

सात समीकरणे आणि आठ अज्ञात राशी, म्हणून पहिल्या भागाला उत्तरे अनंत आहेत. त्यांतील सर्वांत लहान उत्तरात पांढरे वळू १,०३,६६,४८२, काळे ७४,६०,५१४, कबरे ७३,५८,०६० आणि पिवळे ४१,४९,३८७ येतात. गायींसह एकूण गुरे ५,०३,८९,०८२ होतात. लेसिंग यांच्या हस्तलिखितात कवितेसोबत एका अज्ञात भाष्यकाराचे टिपणही होते. त्यात एकूण संख्या ४,०३,११,२६,५६० दिलेली आहे. ही किमान उत्तराच्या बरोबर ८० पट आहे, म्हणजे पहिल्या भागाच्या सर्व अटी ती पुऱ्या करते. दुसऱ्या भागाच्या अटी मात्र ती पुऱ्या करत नाही, तरीही भाष्यकार आपण प्रश्न सोडवल्याचे सांगतो. सिसिलीचे क्षेत्रफळ सुमारे २५ हजार चौरस किलोमीटर आहे. भाष्यकाराची चारशे कोटी गुरे तेथे उभी केली तर प्रत्येक जनावराच्या वाट्याला जेमतेम सहा चौरस मीटर जागा येते. त्याने याचा विचार केला होता की नाही हे सांगता येत नाही, पण बेट ओसंडून न जाता कसेबसे भरेल, अशी ही शेवटची पायरी होती.

पहिला भाग संपताच कविता थांबते आणि वाचकाचे मूल्यमापन करते. एवढे सांगू शकणाऱ्याला कोणी अडाणी म्हणणार नाही, परंतु शहाण्यांच्या पंक्तीतही बसवणार नाही. मग दुसरा भाग येतो. त्यात दोनच अटी आहेत. पांढरे आणि काळे वळू एकत्र मिसळले की ते खोली आणि रुंदी यांत समान मापाने ठाम उभे राहतात. पिवळे आणि कबरे एकत्र आले की ते एकापासून आरंभ करून ओळीओळीने वाढत जातात आणि त्रिकोणाची आकृती पूर्ण करतात. दुसऱ्या अटीचा अर्थ निःसंदिग्ध आहे. एक, दोन, तीन अशा वाढत्या ओळींनी भरणारी संख्या, म्हणजे १, ३, ६, १० या मालिकेतील त्रिकोणी संख्या. अडचण पहिल्या अटीत आहे.

समान मापाची खोली आणि रुंदी म्हणजे वर्गसंख्या, असा अर्थ प्रथमदर्शनी कोणीही घेईल. परंतु वळू हा लांबीला जास्त आणि रुंदीला कमी असा प्राणी आहे. गुरे खरोखरच चौरस भूमीवर उभी करायची तर एका ओळीतील वळूंची संख्या आणि ओळींची संख्या सारखी असणार नाही. भूमी चौरस होईल, पण संख्या वर्ग होणार नाही. एकोणिसाव्या शतकात वुर्म यांनी हा अर्थ स्वीकारला. त्यांच्या वाचनानुसार पांढऱ्या आणि काळ्या वळूंची बेरीज दोन असमान अवयवांचा गुणाकार असली की पुरे. या मार्गाने एकूण गुरे ५९,१६,८३,७१,७५,६८६ येतात. ही १३ अंकी संख्या कागदावर हाताने काढता येते.

या दोन वाचनांत निवड कशी करावी? व्याकरणाने प्रश्न सुटत नाही, कारण संहितेतील शब्द दोन्ही अर्थांना वाव देतात. येथे साहित्याभ्यासकाचा निकष उपयोगी पडतो. दुसऱ्या भागातील दोन अटी परस्परांना समांतर रचलेल्या आहेत: एक जोडी आणि तिची आकृती, दुसरी जोडी आणि तिची आकृती. दुसरी आकृती निश्चितपणे संख्येची आहे, जनावरांच्या देहांची नाही. खऱ्या गुरांचा त्रिकोण करताना कोणी त्यांची लांबी मोजत नाही. वर्ग आणि त्रिकोण या आकृतिसंख्यांची जोडी ग्रीक अंकविचारात पायथागोरसपंथीयांपासून रूढ होती. समांतर रचनेतील एक बाजू आकृतिसंख्या आणि दुसरी बाजू भूमीची मोजणी असे मानले तर कवितेचा तोल जातो. शिवाय वुर्म यांची अट इतकी सैल आहे की तिच्यापायी वाचकाला परिपूर्ण ज्ञानी ठरवणे हास्यास्पद वाटावे. म्हणून वर्गसंख्येचे वाचनच ग्राह्य धरले पाहिजे. मात्र ते स्वीकारताच संख्या माणसाच्या हातातून निसटते.

१८८० साली एका जर्मन गणितविषयक नियतकालिकात क्रुम्बिगेल आणि आम्थोर यांनी या कवितेचा विचार केला. कामाची वाटणी बोलकी आहे. क्रुम्बिगेल यांनी संहिता आणि कर्तृत्व यांचा भाग सांभाळला, तर आम्थोर यांनी गणिताचा. वळूंच्या दोन्ही अटी एकत्र केल्या की प्रश्न एका समीकरणापर्यंत येतो: अशी वर्गसंख्या शोधा, जी दुसऱ्या एका वर्गाच्या ४७,२९,४९४ पटीपेक्षा नेमकी एकने मोठी असेल. ४७,२९,४९४ चे मूळ अवयव २, ३, ७, ११, २९ आणि ३५३ हे आहेत. या समीकरणाच्या सर्वांत लहान उत्तरातील दोन संख्या ४५ अंकी आणि ४१ अंकी आहेत. एवढ्यावर काम भागले असते तर ते एका ओळीत लिहिता आले असते. पण दुसऱ्या संख्येला ४६५७ च्या दुपटीनेही भाग गेला पाहिजे. गायींच्या वर्तुळात गुपचूप जन्मलेली ती मूळ संख्या येथे पुन्हा समोर येते. तिची अट पुरी होण्यासाठी लहान उत्तराचा स्वतःशीच संयोग करत २,३२९ व्या घातापर्यंत जावे लागते. आम्थोर यांनी लॉगॅरिथमच्या साहाय्याने एकूण गुरांची संख्या २,०६,५४५ अंकी असल्याचे ठरवले आणि तिचे पहिले चार अंक ७७६६ दिले. त्यांतील चौथा अंक चुकला होता. खरे अंक ७७६० असे आहेत.

संख्या एवढी वाढावी असे प्रश्नात दिसते तरी काय? या प्रकारच्या समीकरणांचा स्वभावच लहरी आहे. गुणक ६० असेल तर ३१ आणि ४ या संख्यांवर काम भागते, ६२ असेल तर ६३ आणि ८ वर. मधल्या ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८० असे येते. शेजाऱ्यांवरून अंदाज बांधता येत नाही. ६१ चे हे उदाहरण भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तील (११५०) आहे. फर्मा यांनी १६५७ मध्ये फ्रेनिकल यांना आव्हान म्हणून तोच गुणक दिला, तेव्हा त्यांना भास्कराचार्यांची माहिती नव्हती. पुढे ऑयलर यांच्या गैरसमजामुळे या समीकरणाला पेल यांचे नाव चिकटले. पेल यांचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

भारतीय परंपरेत हा विषय 'वर्गप्रकृति' या नावाने ओळखला जातो. ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त (६२८) दोन उत्तरांपासून तिसरे घडवणारी 'भावना' ही क्रिया सांगितली. गुणक ९२ असताना १० चा वर्ग ९२ पेक्षा ८ ने मोठा आहे, एवढ्या कच्च्या सामग्रीवर भावना दोनदा चालवली की ११५१ आणि १२० हे उत्तर हाती येते. आम्थोर यांनी लहान उत्तराला २,३२९ व्या घातापर्यंत नेले ती क्रिया तत्त्वतः ब्रह्मगुप्ताची भावनाच होय. ४७,२९,४९४ च्या वर्गमुळाच्या परंपरित अपूर्णांकाचे आवर्तन ९२ पदांचे आहे, हा निव्वळ योगायोग समजावा. अशा योगायोगांवर प्रभावाचे सिद्धान्त उभारण्याचा मोह तौलनिक अभ्यासात टाळलेलाच बरा. ग्रीक कूट भारतात पोहोचल्याचा पुरावा नाही, आणि भारतीय पद्धत अलेक्झांड्रियाला गेल्याचाही नाही.

तुलनेला खरा आधार वेगळ्या ठिकाणी आहे. ९२ चे उदाहरण देताना ब्रह्मगुप्त जे म्हणतो त्याचा आशय असा, की एका वर्षाच्या आत जो हे सोडवील तो गणक. म्हणजे प्रश्नाच्या पद्यातच सोडवणाऱ्याची पदवी ठरवलेली आहे. ग्रीक कविताही हेच करते: पहिल्या भागाअखेर अर्धी पदवी, दुसऱ्या भागाअखेर विजयी आणि परिपूर्ण ज्ञानी. दोन्हीकडे गणिती पद्य केवळ माहितीचे वाहन राहत नाही, ते वाचकाला उद्देशून केलेले वचन होते आणि वाचक त्याला पुरा पडतो की नाही याचा निवाडा करते. भेद आहे तो मापाचा. ब्रह्मगुप्ताने मुदत दिली आणि मुदतीत बसणारी संख्या निवडली. भारतीय पद्याला सूत्र, उदाहरण आणि गद्य वृत्ती यांची साखळी असते. उदाहरणाचे उत्तर गुरूला ठाऊक असते आणि शिष्याला ते मिळावे असाच हेतू असतो. अकराव्या शतकातील उदयदिवाकराच्या टीकेत जयदेवाच्या नावाने येणारी आणि भास्कराचार्यांनी परिष्कृत केलेली चक्रवाल पद्धत याच अध्यापनपरंपरेत वाढली. ग्रीक कवितेला मुदत नाही, वृत्ती नाही, आणि उत्तर मिळावे असा हेतू असल्याचे चिन्हही नाही.

खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांच्या नजरेस आणला. विद्यावंशाची थोरवी सांगणारा भाग संस्कृत पद्यात आहे, तर मठाला द्यावयाच्या उत्पन्नाचा हिशेब अखेरीस मराठीत येतो. संख्याविषयक पद्य शिकवण्यासाठी संस्था आणि तिचे उत्पन्न असावे लागते, ही जाणीव त्या लेखात दिसते. अलेक्झांड्रियातही संस्था होतीच. तेथील ग्रंथालयाचा प्रमुख असलेला एराटोस्थेनिस हाच या कवितेचा उद्दिष्ट वाचक आहे. परंतु ही कविता संस्थेतील विद्यार्थ्यांसाठी नाही. ती सिराक्यूजहून राजधानीतील पंडितांकडे टाकलेला कटाक्ष आहे.

कर्तृत्वाच्या वादात हा कटाक्ष पुरावा म्हणून विचारात घ्यायला हवा. 'सर्पिलांविषयी' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आर्किमिडीज सांगतो, की आपण पूर्वी पाठवलेल्या सिद्धान्तांमध्ये काही मुद्दाम अशक्य असे घातले होते. सर्व काही शोधून काढल्याचा दावा करणारे आणि सिद्धता मात्र न देणारे लोक त्यात सापडावेत, हा हेतू होता. एराटोस्थेनिसला त्याने पाठवलेला 'पद्धती'विषयीचा प्रबंध हायबर्ग यांना १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रावर सापडला. त्यामुळे त्या दोघांमधील पत्रव्यवहाराची कल्पना निराधार राहिली नाही. सिसेरो आपल्या पत्रांत अतिशय कठीण गोष्टीला 'आर्किमिडीजचे कूट' म्हणतो. क्रुम्बिगेल यांचा निष्कर्ष संयत होता: प्रश्न आर्किमिडीजचा असणे संभवनीय, उपलब्ध शब्दरचना त्याच्या हातची असणे कठीण. त्यापुढे जाण्याजोगे साधन आजवर हाती आलेले नाही.

काही अभ्यासकांनी मात्र उलट दिशेने तर्क केला. कर्त्याला हे उत्तर ठाऊक असणे शक्य नाही, म्हणून दुसरा भाग प्रक्षिप्त असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. हा तर्क सदोष आहे. संहितेचा अर्थ तिच्या कर्त्याच्या मुठीत मावलाच पाहिजे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. प्रश्न विचारणाऱ्याला अटी सुसंगत आहेत एवढे ठाऊक असले तरी पुरते, आणि तेवढीही खात्री त्याला होती की नाही हे कवितेवरून ठरत नाही. अशा प्रकारच्या समीकरणाला नेहमी उत्तर असतेच, याची सिद्धता लाग्रांज यांनी अठराव्या शतकात दिली. म्हणजे लेसिंग हस्तलिखिते चाळत होते त्याच सुमारास, त्यांना माहीत नसताना, कवितेच्या सार्थकतेची हमी तयार होत होती.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या हिल्सबरो गावी काही हौशी गणितप्रेमींच्या मंडळाने १८८९ ते १८९३ अशी चार वर्षे खपून सुरुवातीचे सुमारे तीस आणि शेवटचे १२ अंक काढले. संपूर्ण संख्या प्रथम १९६५ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथे विल्यम्स, जर्मन आणि झार्न्के यांनी आयबीएम संगणकावर मिळवली, त्याला पावणेआठ तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पण ती छापली गेली नाही. १९८१ मध्ये हॅरी नेल्सन यांनी क्रे-१ या महासंगणकावर ती पुन्हा काढली, आणि ४७ पानांचा मुद्रितपाठ आकाराने लहान करून रंजक गणिताच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिचा आरंभ ७७६०२७१४०६ असा आणि शेवट ०८१८०० असा आहे. १९९८ मध्ये इलान वार्डी यांनी हीच संख्या एका छोट्या सूत्रात बसवली. त्या सूत्रात ४५ आणि ४१ अंकी संख्यांची जोडी आहे आणि तिच्या डोक्यावर ४,६५८ हा घातांक. द्विपदीच्या दोन ओळींपेक्षा ते फार लांब नाही.

ग्रीकांकडे ही संख्या लिहिण्याचे साधन नव्हते, असे सहजपणे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. 'वालुकागणक' या राजा गेलोनला उद्देशून लिहिलेल्या निबंधात आर्किमिडीजने दहा कोटींच्या पटीने चढत जाणाऱ्या श्रेणी कल्पून संख्यांना नावे देण्याची रीत सांगितली, आणि विश्व वाळूने भरले तरी कणांची संख्या १० च्या ६३ व्या घातापलीकडे जात नाही असे दाखवले. पहिल्या श्रेणीत दहा कोटींपर्यंतच्या संख्या, दुसऱ्या श्रेणीचे एकक दहा कोटी, तिसऱ्याचे त्याचा वर्ग, असा हा क्रम आहे. म्हणजे एकेका श्रेणीत आठ स्थाने भरतात. गुरांच्या संख्येत पहिल्या अंकानंतर २,०६,५४४ स्थाने येतात आणि त्यांना ८ ने निःशेष भाग जाऊन २५,८१८ उरतात. त्यामुळे त्या नामावलीत या संख्येचा उच्चार 'पंचवीस हजार आठशे एकोणिसाव्या श्रेणीची सात एकके' असा सुरू झाला असता.